वर्दीतले डॉक्टर निवृत्त कधी होतात?

पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे ‘एएफएमसी’त, दरवर्षी देशभरातून 115 मुले आणि 30 मुली एमबीबीएससाठी निवडली जातात. पुढे ती लष्करात, नौदलात किंवा हवाई दलात रुजू होतात, सियाचिनपासून अंदमानपर्यंत कुठेही जातात. त्यांना पदवी मात्र मिळते ती नाशिकची. दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळला असलेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 साली स्थापन झाले आणि एएफएमसी याच विद्यापीठाला संलग्न आहे.

जुलै 2021मध्ये या विद्यापीठाला एएफएमसीच्याच विद्यार्थिनी कुलगुरू म्हणून लाभल्या. लेफ्टनंट जनरल डॉ. माधुरी कानिटकर लहान मुलांच्या मूत्रपिंडविकारांच्या तज्ज्ञ. एएफएमसीच्या त्या अधिष्ठाताही होत्या. 2020मध्ये त्यांना लेफ्टनंट जनरलचा हुद्दा मिळाला, तेव्हा भारतीय सैन्यदलांत या दर्जापर्यंत पोहोचलेल्या त्या तिसऱ्या महिला ठरल्या. त्यांच्याआधीच्या दोघी, पुनिता अरोरा आणि पद्मा बंदोपाध्याय, याही डॉक्टरच. जवळपास चार दशके वर्दीत काढल्यावर कानिटकर थेट विद्यापीठाच्या कारभारात आल्या. अशी दुसरी खेळी सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. लष्करी डॉक्टरने वर्दी कधी उतरवायची हे त्याच्या हातातल्या कौशल्यावर ठरत नाही, खांद्यावरच्या हुद्द्यावर ठरते.

मुलकी नोकरीत हिशेब सोपा असतो. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत अ, ब आणि क गटांसाठी 58 आणि ड गटासाठी 60 हे नियत वय. डॉक्टरांची टंचाई भासू लागली तेव्हा आरोग्य खात्यातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना शासनाने त्यापुढेही मुदत दिली. सैन्यात मात्र एकच एक वय नाही. लढाऊ शाखेत कर्नल 54व्या वर्षी, ब्रिगेडियर 56व्या, मेजर जनरल 58व्या आणि लेफ्टनंट जनरल 60व्या वर्षी निवृत्त होतो. जो वर चढला त्याला जास्त वर्षे, जो थांबला तो लवकर घरी. सीमेवरची तुकडी तरुण हातांत राहावी, हा त्यामागचा विचार आणि तो रास्तही आहे.

डॉक्टरांना मात्र हे माप जसेच्या तसे लावता येत नाही. एमबीबीएस आणि इंटर्नशिप संपेपर्यंत तेविशी-चोविशी उलटते, एमडी किंवा एमएस होईपर्यंत तिशी येते. एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी लेफ्टनंट होणाऱ्या अधिकाऱ्याच्या तुलनेत त्यांची सेवा मुळातच उशिरा सुरू होते. म्हणून आर्मी मेडिकल कोअरमध्ये त्याच हुद्द्याला निवृत्तीचे वय काही वर्षांनी पुढे ठेवले आहे. तरीही उतरंड तीच राहते. ब्रिगेडियर आणि त्यावरच्या जागा मोजक्या, त्यासाठी निवड मंडळ. हृदयाच्या झडपा उत्तम बसवणारा शल्यविशारद त्या मंडळातून पुढे सरकला नाही, तर त्याची शस्त्रक्रियागृहातली वर्षेही तिथेच कापली जातात.

केंद्र सरकारने आपल्या मुलकी डॉक्टरांसाठी यावर चांगला तोडगा काढला. 2016मध्ये केंद्रीय आरोग्य सेवेतल्या डॉक्टरांचे निवृत्तीचे वय 65 करण्यात आले आणि 2017मध्ये रेल्वेसह इतर खात्यांतल्या डॉक्टरांनाही ते लागू झाले. त्याला एक अट आहे. वयाच्या 62नंतर प्रशासकीय खुर्ची सोडायची आणि रुग्णसेवा, अध्यापन किंवा आरोग्य कार्यक्रमांचे काम करायचे. खालच्यांची बढती अडत नाही आणि अनुभवी हात रुग्णाजवळ राहतो. लष्करी डॉक्टरांनाही हुद्द्याचा हक्क सोडून रुग्णालयात राहण्याची अशी मुभा द्यायला हवी. देवळालीसारख्या छावणीतल्या लष्करी रुग्णालयात साठीचा फिजिशियन तपासणीला बसला, तर तोफखान्याच्या सज्जतेला कसली बाधा येणार?

अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य सेवेच्या वर्दीधारी अधिकाऱ्यांचे एक स्वतंत्र दलच आहे. 1889मध्ये ते रीतसर स्थापन झाले. हुद्दे नौदलासारखे, काम साथी आणि आरोग्याचे, हातात शस्त्र नाही. तिथे 20 वर्षांच्या सेवेनंतर निवृत्तीचा अर्ज करता येतो आणि 64 ही वयाची मर्यादा आहे. आपल्याकडे ब्रिटिश काळात याच्या जवळ जाणारी इंडियन मेडिकल सर्व्हिस होती. लष्करी हुद्द्याचे तिचे अधिकारी जिल्ह्याजिल्ह्यात सिव्हिल सर्जन म्हणून बसत. 1947मध्ये ती सेवा संपली. नाशिककर जिल्हा रुग्णालयाला आजही ‘सिव्हिल’ म्हणतात, पण तिथल्या डॉक्टरांचा वर्दीशी संबंध उरलेला नाही. आज वर्दीतले डॉक्टर म्हटले की प्रामुख्याने सैन्यदलांचेच.

वीस वर्षांचा आकडा आपल्याकडेही कळीचा आहे. कायम कमिशन घेतलेल्या अधिकाऱ्याला साधारणपणे 20 वर्षांची पात्र सेवा झाल्यावर पेन्शन मिळते. खरी अडचण शॉर्ट सर्व्हिस कमिशनवाल्यांची. त्यांची मुदत आधी 5 वर्षे, मग वाढवत वाढवत जास्तीत जास्त 14. विभागीय परीक्षा आणि मुलाखतीतून कायम कमिशन मिळाले तर ठीक, नाहीतर ऐन चाळिशीत ग्रॅच्युइटी घेऊन बाहेर पडायचे, पेन्शन नाही. सीमाभागातल्या चौक्यांवर उमेदीची वर्षे घालवलेल्या डॉक्टरने त्या वयात शहरात दवाखान्याची पाटी लावायची, तेव्हा त्याच्या बरोबरीचे मित्र दहा वर्षे आधीच स्थिरावलेले असतात.

पूर्ण सेवा केलेल्यांचे गणित मात्र बरे आहे. केंद्राच्या मुलकी नोकरीत 1 जानेवारी 2004 पासून आणि महाराष्ट्रात 1 नोव्हेंबर 2005 पासून नव्याने लागणाऱ्यांची जुनी पेन्शन गेली. सैन्यदलांना त्यातून वगळले, त्यामुळे वर्दीतल्या डॉक्टरला आजही शेवटच्या वेतनाच्या निम्मी पेन्शन ठरते. खासगी व्यवसाय न करण्याबद्दल मिळणारा 20 टक्के भत्ताही या हिशेबात वेतन म्हणून धरतात. ब्रिगेडियरपर्यंतच्या अधिकाऱ्यांना दरमहा 15,500 रुपये लष्करी सेवा वेतन मिळते, तेही त्यात येते. पेन्शनचा निम्मा भाग विकून एकरकमी पैसे घेता येतात आणि कापलेला भाग 15 वर्षांनी पूर्ववत होतो. मुलकी कर्मचाऱ्याला ही विक्री 40 टक्क्यांपर्यंतच करता येते.

तारखेची गंमत महाराष्ट्रात जास्त जाणवते. निवृत्ती ज्या महिन्यात वय पूर्ण होते त्याच्या अखेरच्या दिवशी होते, पण 1 तारखेला जन्मलेला माणूस आधीच्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट 1 जून ही जन्मतारीख लिहिलेली एक अख्खी पिढी आपल्याकडे आहे. म्हणून 31 मे रोजी सरकारी कचेऱ्यांत निरोप समारंभांची रांग लागते. जन्म जूनमधल्या दुसऱ्या कुठल्याही तारखेचा असला, तर 30 जूनला निवृत्त झालेल्याची 1 जुलैची वेतनवाढ एका दिवसाने हुकत असे. वर्षभर काम केल्यावर वेतनवाढीचा हक्क मिळतोच, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2023मध्ये दिला आणि हा जुना अन्याय दूर होण्याची वाट मोकळी झाली.

परिचारिकांनी तर याहून मोठा अन्याय सोसला. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधल्या परिचारिका या कमिशन मिळालेल्या अधिकारीच, पण 1977च्या एका सूचनेनुसार लग्न केले म्हणून त्यांना सेवेतून काढता येत असे. लेफ्टनंट सेलिना जॉन यांना 1988मध्ये असेच काढले. ती सूचना 1995मध्ये मागे घेतली गेली. जॉन यांना 60 लाख रुपये देण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश यायला फेब्रुवारी 2024 उजाडले. भरपाई मिळाली, पण गेलेली नोकरीची वर्षे कोण परत देणार?

निवृत्तीचे हे कुंपण किती लवचीक होऊ शकते, ते 2021च्या एप्रिल-मे महिन्यांत दिसले. करोनाच्या दुसऱ्या लाटेत डॉक्टर कमी पडले, तेव्हा संरक्षण मंत्रालयाने शॉर्ट सर्व्हिसच्या डॉक्टरांना 31 डिसेंबरपर्यंत मुदतवाढ दिली. त्यातून 238 डॉक्टर सेवेत राहिले. त्यानंतर 2017 ते 2021 या काळात बाहेर पडलेल्या 400 माजी वैद्यकीय अधिकाऱ्यांना जास्तीत जास्त 11 महिन्यांच्या करारावर परत घेण्याचा निर्णय झाला. वय झाले म्हणून किंवा मुदत संपली म्हणून ज्यांना निरोप दिला होता, त्यांनाच पुन्हा हाक मारावी लागली. ही सोय साथीपुरती न ठेवता कायमची करायला काय हरकत आहे?

तोवर माजी अधिकारी आपापली वाट शोधतात. कुणी माजी सैनिकांच्या ‘ईसीएचएस’ योजनेच्या पॉलिक्लिनिकमध्ये कराराने बसतो. ही योजना 1 एप्रिल 2003 पासून सुरू आहे. कुणी वैद्यकीय महाविद्यालयात शिकवतो, कारण तिथे अध्यापकाची वयोमर्यादा 70 आहे. पेन्शन चालू राहण्यासाठी वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो आता ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीवर देता येतो. राज्यात व्यवसाय करायचा तर महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेची नोंदणी दर 5 वर्षांनी नूतनीकरण करून घ्यावी लागते आणि त्यासाठी परिसंवाद, व्याख्याने यांना हजेरी लावून गुण जमवावे लागतात. सेवेत असतानाच ही नोंदणी चालू ठेवणारा अधिकारी पुढच्या महिन्यात दवाखाना उघडू शकतो.