लांडग्याच्या पाठीवर कोण?

अद्भुतकथांतला लांडगा दुष्ट का असतो, असे विचारले की 'त्याची जातच तशी' असे उत्तर मिळते. हे उत्तर आम्हांस पुरेसे वाटत नाही. का, ते एका प्रसिद्ध उदाहरणावरून पाहू.

ऑक्सफर्डचे प्राध्यापक जे. आर. आर. टॉल्किन यांची 'द हॉबिट' ही कादंबरी १९३७ साली प्रसिद्ध झाली. तीत 'वॉर्ग' नावाचे लांडगे आहेत. (कामगार बंधूंनी दचकू नये, आपल्या 'वर्गा'शी या शब्दाचे नाते नाही!) हे वॉर्ग बोलतात, सभा भरवतात, बेत ठरवतात. अशाच एका सभेच्या जागी कथानायक बिल्बो, त्याचे बुटके सोबती आणि गँडाल्फ हा जादूगार झाडांवर अडकून पडतात. गँडाल्फ वरून पेटती फळे फेकतो, वॉर्गांची कातडी जळते, आणि शेवटी गरुड येऊन सर्वांना सोडवतात. बहुतेक वाचकांना एवढेच आठवते.

परंतु ती सभा भरली होती कशासाठी? त्या भागात काही धाडसी माणसे झाडे तोडून नवी वस्ती करीत होती. त्या लाकूडतोड्यांच्या गावांवर रात्री छापा घालावयाचा होता. या कामी वॉर्गांचे भागीदार होते गॉब्लिन, म्हणजे डोंगराच्या पोटात राहणारे क्रूर जीव. गॉब्लिनांना हवे होते अन्न आणि राबायला गुलाम. वॉर्गांना मिळायचा लुटीतला वाटा. शिवाय गॉब्लिन त्यांच्यावर घोड्यासारखे स्वार होत. सी. एस. लुइस यांच्या १९५० सालच्या नार्नियाच्या कथेतही मॉग्रिम हा लांडगा जुलमी राणीच्या गुप्त पोलिसांचा प्रमुखच आहे.

खरा लांडगा मेंढरू मारतो, हे कोणताही धनगर सांगेल. पण तो भुकेसाठी मारतो. गुलाम धरून नेत नाही, कुणाची चाकरी करीत नाही. किपलिंगच्या 'जंगल बुक'मधले (१८९४) लांडगे तर सभा भरवून, नियम पाळून माणसाचे मूल वाढवतात. म्हणजे सभा तीच, हेतू निराळा. दुष्टपणा आला तो सौद्यातून.

आता शब्दाकडे वळू. 'वॉर्ग' या नावामागे जुन्या नॉर्स भाषेतला 'वार्गर' हा शब्द आहे. त्याचे अर्थ दोन: लांडगा, आणि कायद्याबाहेर टाकलेला माणूस. इंग्लंडच्या जुन्या कायद्यातही अशा माणसाच्या खांद्यावर 'लांडग्याचे डोके' आहे असे म्हणत. त्याला कोणीही लांडग्यासारखे ठार करावे. म्हणजे माणसाला लांडगा ठरवले की त्याची बाजू ऐकण्याचे कारणच उरत नाही.

टॉल्किनच्या कथेत एकही वॉर्ग या सौद्यातून फुटत नाही. सारी जातच वाईट. कथेत हे खपून जाते, जीवनात खपू देता कामा नये. आपल्या देशात १८७१ च्या कायद्याने कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते, आणि तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडावे लागले.

म्हणून अशा कथा मुलांना जरूर वाचून दाखवाव्यात. फक्त लांडगा आला, की त्याच्या दातांबरोबर त्याच्या पाठीवर कोण बसले आहे, तेही दाखवावे.