पालघरचा मुलगा, बोरिवलीचे सर

पालघर-बोईसरकडच्या माणसाला मुंबई किती लांब आहे हे विचारले, तर तो किलोमीटर सांगत नाही, गाडीची वेळ सांगतो. आता डहाणूपर्यंत लोकल धावते, पण ती 2013 पासून. त्याआधी शटल किंवा पॅसेंजर पकडायची, आणि ती चुकली की दिवस गेला. ही गोष्ट त्या काळातली आहे.

2006 च्या सुमारास बोईसरच्या तारापूर विद्यामंदिराचा क्रिकेट संघ बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद इंटरनॅशनल स्कूलविरुद्ध खेळला. बोईसरच्या संघातल्या एका मुलाने 78 धावा काढल्या आणि पाच बळीही घेतले. बोरिवलीच्या संघाचे प्रशिक्षक होते दिनेश लाड. आपल्या मुलांना हैराण करणाऱ्या या पोराचा त्यांना राग आला नाही. उलट त्यांनी त्याच्या वडिलांना गाठले आणि म्हटले, याला आमच्या शाळेत पाठवा.

वडिलांची अडचण खरी होती. पुढे दहावीचे वर्ष. पालघरहून बोरिवलीला जायला दोन-अडीच तास, यायला तेवढेच. मुलगा अभ्यास कधी करणार, झोपणार कधी? आपल्यापैकी कुणीही नाहीच म्हटले असते. तेव्हा लाड सरांनी घरी पत्नीशी बोलून मार्ग काढला. मुलगा आमच्या घरी राहील. दुसऱ्याचे वाढते पोर, तेही दहावीतले, घरात ठेवायचे म्हणजे त्याचे जेवण, आजारपण, अभ्यास सगळे आपल्या अंगावर घेणे. सरांच्या घरातल्या बाईंचा वाटा इथे सरांपेक्षा कमी नाही.

तो मुलगा म्हणजे शार्दुल ठाकूर. त्याच शाळेकडून हॅरिस शील्डमध्ये खेळताना त्याने एका षटकात सहा षटकार मारले. पुढे जानेवारी 2021 मध्ये ब्रिस्बेनच्या कसोटीत त्याने 67 धावा केल्या आणि दोन्ही डावांत मिळून सात बळी घेतले. 2018 मध्ये दक्षिण आफ्रिकेहून परतल्यावर तो अंधेरीहून लोकलनेच पालघरला निघाला, तेव्हा डब्यातल्या प्रवाशांनी मोबाईलवर त्याचा फोटो शोधून खात्री करून घेतली!

लाड सरांनी असे पहिल्यांदाच केले नव्हते. 1999 मध्ये त्यांनी एका शिबिरात ऑफस्पिन टाकणारा मुलगा पाहिला आणि त्याला शाळेत यायला सांगितले. महिन्याची फी 275 रुपये होती, तीही घरच्यांना झेपणारी नव्हती. सरांनी शाळेच्या संचालकांकडे शब्द टाकला आणि फी माफ करून घेतली. पुढे त्यांनी त्याची फलंदाजी पाहिली आणि तळाला खेळणाऱ्या त्या मुलाला सलामीला पाठवले. तो रोहित शर्मा. 2022 मध्ये लाड सरांना जीवनगौरव गटात द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला.

आमच्या घरांत उस्तादाचा दर्जा मोठा मानतात. मूल ही अल्लाहची अमानत आहे, असेही आम्ही म्हणतो. पण ही अमानत फक्त स्वतःच्या मुलापुरती असते का? वर्गातले प्रत्येक मूल कुणाची तरी अमानतच आहे. खेळ म्हणजे वेळेची नासाडी, असेही आपल्याकडे सर्रास बोलले जाते. हुजूर (स.अ.) यांनी हजरत आयेशा (रजि.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावली होती, हे हदीसमध्ये आले आहे. मुलींनी मैदानात कशाला जायचे, असे विचारणाऱ्यांनी ते जरूर वाचावे.

आम्ही स्वतः शिक्षक आहोत, म्हणून आधी आमची कबुली. जानेवारी उजाडला की दहावीच्या वर्गाचा पीटीचा तास आम्ही गणिताला मागून घेतो. मुले खिडकीतून मैदानाकडे पाहत बसतात आणि आम्ही फळ्याकडे पाहतो. त्या मैदानावर कोण काय करू शकला असता, हे आम्हाला कधी कळणारच नाही.

शार्दुल किंवा रोहित लाखांत एखादाच होतो. बाकीची मुले नोकरी-धंद्याला लागतात, तेच योग्य आहे. पण त्या दिवशी बोरिवलीच्या मैदानावर लाड सरांना भारताचा खेळाडू दिसला नव्हता. दिसला तो गाडीच्या वेळेमुळे मागे पडू शकणारा एक मुलगा. फी, प्रवास, राहायची सोय, एक जोडी बूट: आपल्या वस्तीतही मुले याच गोष्टींपाशी अडतात. चिंचणी, तारापूर, बोईसर, पालघर इथल्या प्रत्येक मोहल्ल्यात असे एखादे मूल आहे. कुणाच्या घरात जागा असते, कुणाची शाळेत ओळख असते, कुणाकडे रविवारची सकाळ मोकळी असते.

यंदा जानेवारीत पीटीचा तास आम्ही मागणार नाही. इन्शाअल्लाह, त्या तासाला आम्हीही मैदानावर असू.