भांगेचे बी, पान आणि फूल : त्वचेसाठी निवड कशी करावी?

चेन्नईच्या घरांतून अंगाला तेल लावण्याची रीत फार जुनी आहे. आठवड्यातून एकदा डोक्यापासून पायापर्यंत तिळाचे तेल चोळावे, ते काही वेळ अंगात मुरू द्यावे आणि मग शिकेकाई लावून ऊन पाण्याने स्नान करावे, या रिवाजाला तमिळमध्ये ‘एण्णै कुळियल’ असे म्हणतात. दीपावलीच्या पहाटे हे स्नान घरोघर होते. महाराष्ट्रातील अभ्यंगस्नानाशी त्याचे नाते उघड आहे. तेलाची अशी घरगुती पारख असलेल्या या शहराच्या बाजारातही अलीकडे एक नवा माल येऊ लागला आहे. भांगेपासून बनविलेली तेले, मलमे, साबण आणि क्रीमे ही ती उत्पादने होत. त्यांच्या वेष्टनावर भांगेचे दातेरी, बोटांसारखे पसरलेले पान छापलेले असते. खाज, कोरडेपणा, पुटकुळ्या, सांधेदुखी अशा अनेक तक्रारींवर ती सुचविली जातात आणि त्यांची किंमत साध्या तेलाच्या कितीतरी पट असते.

अशा वस्तूची निवड करताना वनस्पतीच्या नावापेक्षा महत्त्वाचा प्रश्न एकच आहे : तिचा कोणता भाग वापरला आहे? वेष्टनावरील चित्र पानाचे असले, तरी आतील तेल बहुधा बियांचे असते. आणि बी, पान व फूल यांचे रसायन वेगळे, कायद्यातील स्थानही वेगळे.

एक वनस्पती, तीन भाग

भांगेच्या मादी झाडाच्या फुलोऱ्यावर अतिसूक्ष्म ग्रंथी असतात. त्यांतून चिकट राळ पाझरते. नशा आणणारे टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल आणि नशा न आणणारे कॅनाबिडिऑल ही दोन्ही द्रव्ये मुख्यतः या राळेत असतात. पानांत त्यांचे प्रमाण बरेच कमी असते. बियांच्या गरात ती जवळजवळ नसतातच. बियांच्या तेलात जो अल्पांश सापडतो, तो बहुधा टरफलाला चिकटलेल्या राळेचा असतो.

कायद्यानेही हाच भेद मानला आहे. गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ या कायद्याच्या व्याख्येत चरस, गांजा आणि त्यांची मिश्रणे येतात. गांजा म्हणजे फुलोऱ्याचे अथवा फळे धरलेले शेंडे. शेंड्यांसोबत नसलेली पाने आणि बिया या व्याख्येतून वगळलेल्या आहेत. २०२१ मध्ये भांगेचे बी, त्याचे तेल आणि पीठ यांना अन्नपदार्थ म्हणूनही ठरावीक मर्यादेत मान्यता मिळाली.

पानांचा मार्ग औषधाचा आहे. आयुर्वेदात भांगेला ‘विजया’ हेही नाव आहे. औषधविषयक नियमांना जोडलेल्या विषारी द्रव्यांच्या अनुसूचीत आयुर्वेदाच्या यादीत भांग, तर सिद्ध पद्धतीच्या यादीत गांजा नोंदलेला आहे. आयुर्वेदाच्या यादीतून बिया मात्र स्पष्टपणे वगळल्या आहेत. तेव्हा पानांच्या अर्काचे मलम हे परवान्याने बनविलेले आणि वैद्याच्या सल्ल्याने वापरायचे औषध होय. त्याला निव्वळ सौंदर्यप्रसाधन समजू नये.

परदेशातून नातेवाइकांनी आणलेल्या क्रीमची गोष्ट आणखी निराळी. अमेरिकेतील काही राज्यांत फुलोऱ्याच्या अर्काची मलमे उघडपणे विकली जातात. तेथील दुकानाची पावती मीनंबाक्कमच्या विमानतळावर बचाव म्हणून उपयोगी पडत नाही. फुलोऱ्याचा किंवा राळेचा अंश असलेले मिश्रण भारतीय कायद्याच्या कक्षेत येऊ शकते, मग ते अंगाला लावायचे का असेना.

त्वचेत किती शिरते?

त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. या पेशी विटांप्रमाणे रचलेल्या असून त्यांच्यामधील सांधे स्निग्ध द्रव्यांनी भरलेले असतात. बाहेरचे पदार्थ आत येऊ न देणे आणि आतील ओलावा उडू न देणे, हे या भिंतीचे काम. बियांच्या तेलाचा उपयोग येथेच होतो. त्यात लिनोलेइक अम्ल सुमारे निम्मे किंवा त्याहून थोडे अधिक असते. हे अम्ल त्या सांध्यांच्या घडणीला आवश्यक असते. त्यामुळे कोरडी त्वचा मऊ होते, हे खरे. मात्र करडईचे आणि सूर्यफुलाचे तेलही लिनोलेइक अम्लाने समृद्ध असते. हा गुण एकट्या भांगेचा नव्हे.

कॅनाबिडिऑलची बाब अधिक गुंतागुंतीची आहे. शरीरात कॅनाबिनॉइड द्रव्यांना प्रतिसाद देणारे ग्राही असतात आणि ते त्वचेतही आढळतात. शरीर स्वतः तयार करीत असलेल्या अशा एका द्रव्याला १९९२ मध्ये संशोधकांनी ‘आनंद’ या संस्कृत शब्दावरून ‘आनंदामाइड’ असे नाव दिले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, प्रयोगशाळेत वाढविलेल्या मानवी तैलग्रंथींच्या पेशींवर कॅनाबिडिऑलचा प्रयोग केला असता त्यांतील जादा स्निग्धांशाची निर्मिती घटली. तथापि काचपात्रातील पेशी म्हणजे माणसाचा चेहरा नव्हे. कॅनाबिडिऑल तेलात विरघळते, पाण्यात नाही. त्यामुळे त्याचा बराचसा भाग वरच्या थरातच अडकून राहतो. ते खोलवर किती जाईल, हे क्रीमच्या घटकांवर अवलंबून असते. त्वचारोगांवरील त्याच्या परिणामाचा सबळ पुरावा अद्याप तोकडा आहे.

चेन्नईच्या हवेची परीक्षा

ज्या असंतृप्त अम्लांमुळे बियांचे तेल गुणकारी ठरते, त्यांच्यामुळेच ते लवकर बिघडते. उष्णता, उजेड आणि हवा यांच्या संपर्काने ते खवट होते. तिळाच्या तेलात स्वाभाविकपणेच टिकाऊपणा देणारी द्रव्ये असतात. म्हणून ते मडक्यात ठेवले तरी पुष्कळ दिवस चांगले राहते. भांगेच्या बियांच्या तेलाला हे भाग्य नाही. मे महिन्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जाणाऱ्या शहरात पारदर्शक बाटली काचेच्या कपाटात, उजेडात मांडलेली असेल, तर ती न घेणे बरे. गडद रंगाची, लहान बाटली निवडावी आणि उघडल्यावर शीतकपाटात ठेवावी. तेलाला जुन्या रंगासारखा उग्र वास येऊ लागला, तर ते टाकून द्यावे. खवट तेलाने त्वचेचा दाह होऊ शकतो.

दुसरी अडचण दमटपणाची. घामाने सतत ओलसर राहणाऱ्या त्वचेवर मॅलॅसेझिया नावाची किण्वासारखी बुरशी वाढते. तिला वाढीसाठी वसाम्ले लागतात आणि बहुतेक वनस्पतिजन्य तेले ती पुरवितात. छातीवर व पाठीवर शिबे असणाऱ्यांनी, किंवा कोंड्यामुळे टाळूला खाज सुटत असणाऱ्यांनी कोणतेही तेल चोपडण्यापूर्वी विचार करावा. घामोळ्यांवर तेलाचा थर दिल्यास आराम पडण्याऐवजी त्रासच वाढतो.

लेबल कसे वाचावे?

प्रथम घटकांची यादी पाहावी. ‘कॅनाबिस सॅटिव्हा सीड ऑइल’ असे लिहिले असेल, तर ते बियांचे तेल होय. त्यात कॅनाबिडिऑलची अपेक्षा ठेवू नये आणि त्याची किंमतही देऊ नये. घटक साधारणतः प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने दिलेले असतात. हे नाव यादीच्या शेवटी, सुगंधाच्या आसपास असेल, तर भांगेचा वापर केवळ नावापुरता आहे असे समजावे. नुसते ‘हेम्प’ हा शब्द मात्र काहीच सांगत नाही.

दुसरे, दाव्यांकडे पाहावे. औषधिद्रव्ये व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० नुसार प्रसाधन हे स्वच्छतेसाठी, शोभेसाठी व रूप पालटण्यासाठी असते. ‘सोरायसिस बरा होतो’ असे म्हणणारे प्रसाधन आपली पायरी सोडते. उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, तुकडी क्रमांक आणि वापरण्याची मुदत यांपैकी एकही गोष्ट नसेल, तर वस्तू घेऊ नये.

तिसरे, छापील आकड्यांवर आंधळा विश्वास ठेवू नये. २०२२ मध्ये अमेरिकेत त्वचेवर लावण्याच्या अशा १०५ उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. कॅनाबिडिऑलचे प्रमाण छापलेल्या ८९ उत्पादनांपैकी केवळ २१ मध्ये ते बरोबर आढळले. एकूण ३७ उत्पादनांत नशा आणणाऱ्या द्रव्याचाही अंश सापडला. म्हणून स्वतंत्र प्रयोगशाळेचा, त्याच तुकडीचा अहवाल मागावा.

वापरापूर्वी कोपराच्या आतील बाजूस थोडे लावून दोन-तीन दिवस वाट पाहावी. तान्ह्या मुलांच्या अंगाला किंवा गरोदरपणी अर्क असलेली मलमे वैद्यकीय सल्ल्यावाचून लावू नयेत.

सर्वांत मोठा धोका मात्र या वस्तूंच्या घटकांत नसून त्यांच्या भरवशावर गमावलेल्या वेळेत आहे. संवेदना हरपलेला फिकट चट्टा कुष्ठरोगाचा असू शकतो. वेळीच उपचार झाले, तर तो पूर्ण बरा होतो आणि व्यंग टळते. अशा चट्ट्यावर महिनोन्‌महिने महागडे तेल चोळीत बसणे फार घातक ठरते. चेन्नईत मद्रास मेडिकल कॉलेजशी जोडलेले राजीव गांधी शासकीय रुग्णालय आहे. सिद्ध उपचार हवे असणाऱ्यांसाठी तांबरम येथे राष्ट्रीय सिद्ध संस्था आहे. तेलाने कोरडी त्वचा मऊ करावी. रोगाचे निदान मात्र वैद्याकडून करून घ्यावे.