एका सेकंदात चारशे पानं

जुलै उतरणीला लागला की बीड जिल्ह्यातल्या सेवा केंद्रांपुढे गर्दी वाढते. हातात सातबारा, आधार, बँकेचं पासबुक. आत पडद्यावर फिरणारं वर्तुळ. २०२३च्या खरिपात एक रुपयात पीकविमा आला आणि अर्जाची ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. त्याआधी १६ जुलै २०२१ रोजी दहावीचा निकाल लागला, तेव्हा पंधरा लाखांहून अधिक मुलांचे निकाल एकाच वेळी पाहिले जाऊ लागले आणि निकालाची संकेतस्थळं कित्येक तास उघडेनात. अशा वेळी केज असो की गेवराई, एकच वाक्य कानावर येतं : ‘सर्व्हर डाऊन आहे, थांबा जरा.’

त्या वर्तुळामागे नेमकं काय चालतं, हे पाहिलं की थक्क व्हायला होतं.

शासन निर्णयाची फाईल सर्व्हरवर तयार पडलेली असते. मागितली की उचलून द्यायची. तुमच्या गट नंबराच्या सातबाऱ्याचं पान मात्र मागेपर्यंत अस्तित्वातच नसतं. तुम्ही जिल्हा, तालुका, गाव निवडता, बटण दाबता. वेब सर्व्हर ती विनंती एका प्रोग्रामकडे देतो. प्रोग्राम माहितीसाठ्यातून तुमच्या नोंदी काढतो, त्यांची ओळीओळीने मांडणी करतो आणि पान पाठवून देतो. हे सगळं पापणी लवायच्या आत होऊ शकतं. पोर्टलागणिक प्रोग्रामची भाषा बदलते, तत्त्व तेच राहतं. आपण जगभर वापरली जाणारी पीएचपी उदाहरणाला घेऊ.

मागितल्याक्षणी पान घडवायची पहिली सर्वमान्य पद्धत, सीजीआय, १९९३मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या केंद्रात आकाराला आली. तिच्यात प्रत्येक विनंतीला नवा प्रोग्राम सुरू व्हायचा, काम करायचा आणि बंद पडायचा. साखर कारखान्याने उसाची प्रत्येक गाडी आली की बॉयलर पेटवावा आणि गाडी रिकामी झाली की विझवावा, तसा हा प्रकार. दिवसाला दहा गाड्या असतील तर चालेल. ऐन गळिताच्या हंगामात निम्मा वेळ पेटवण्या-विझवण्यातच जाईल. कारखाना बॉयलर एकदाच पेटवतो आणि हंगामभर चालवतो. १९९६च्या सुमारास आलेल्या फास्टसीजीआयने नेमकं हेच केलं : प्रोग्राम आधीच सुरू करून ठेवायचे आणि एकामागून एक विनंत्या त्यांच्याच हाती द्यायच्या. पीएचपीसाठी ही व्यवस्था सांभाळणारा पीएचपी-एफपीएम २०१०मध्ये ५.३.३ या आवृत्तीपासून पीएचपीचाच भाग झाला.

आता प्रश्न येतो : असे किती प्रोग्राम तयार ठेवायचे? एफपीएमच्या सेटिंगच्या फाईलमध्ये ‘मॅक्स चिल्ड्रन’ नावाची एक ओळ असते. तिच्यापुढे लिहिलेल्या एका आकड्यावर पुष्कळ काही ठरतं.

हिशेब करून पाहू. सर्व्हरची मेमरी ८ जीबी आहे. बाकीच्या कामांना बाजूला ठेवून ४ जीबी पीएचपीला मिळाली. एक प्रोग्राम ५० एमबी घेत असेल तर साधारण ८० प्रोग्राम मावतात. एक पान बनवायला ०.२ सेकंद लागत असतील तर एक प्रोग्राम सेकंदाला ५ पानं देतो आणि प्रोसेसर पुरेसा असला तर ८० मिळून ४०० देतात. आता समजा, माहितीसाठ्यात योग्य अनुक्रमणिका, म्हणजे इंडेक्स, नाही. एक नोंद शोधायला सगळा तक्ता चाळावा लागतो आणि पानाला २ सेकंद लागतात. तेच यंत्र, तेवढीच मेमरी, तेच ८० प्रोग्राम. पानं मात्र सेकंदाला ४०! मग घाबरून कुणी ८०च्या जागी ८०० लिहिलं, तर मेमरी संपते, यंत्र डिस्कवर सामान हलवत बसतं आणि होतं तेही काम ठप्प होतं. म्हणून अनुभवी माणूस आधी पान बनायला लागणारा वेळ मोजतो, मग आकड्याला हात घालतो.

याहून नवलाची गोष्ट पाटोदा-आष्टीकडच्या डोंगरातल्या एखाद्या वाडीवर घडते. रेंज एकच कांडी. पान तयार झालं, पण मोबाईल ते थेंबाथेंबाने ओढतो आहे. अपाची सर्व्हरच्या जुन्या मांडणीत पीएचपी सर्व्हरच्या पोटातच चालायची; त्यामुळे मोबाईलचं ओढून होईपर्यंत मेमरी अडवून बसलेली ती अख्खी प्रक्रिया अडकून पडे. वाडीवरची रेंज दूरच्या सर्व्हरची ताकद खात होती! रशियन अभियंता इगोर सिसोयेव्ह यांनी २००४मध्ये खुला केलेला एंजिनएक्स हा वेब सर्व्हर इथे कामी येतो. तो पुढे उभा राहतो, तयार पान पीएचपीकडून पटकन स्वतःकडे घेतो आणि तिला पुढच्या कामाला मोकळं करतो. मग मोबाईलने ते सावकाश ओढलं तरी बिघडत नाही, कारण एंजिनएक्सची एकच प्रक्रिया हजारो जोडण्या सांभाळू शकते.

उरलेला वेळ वाचतो तो एकदा केलेलं काम पुन्हा न केल्याने. पीएचपीचा प्रोग्राम एरवी दर विनंतीला नव्याने वाचून यंत्राला कळेल अशा रूपात आणावा लागतो. २०१३पासून पीएचपीसोबतच येणारा ओपीकॅश ते रूप मेमरीत जपून ठेवतो. त्याहून पुढे जाऊन अख्खं पानच जपता येतं. फेरफार होईपर्यंत सातबाऱ्यातल्या मालकीच्या नोंदी बदलत नाहीत; एकदा लागलेला निकालही सहसा बदलत नाही. पोर्टलचं मुखपृष्ठ फक्त एक सेकंद जपलं, तरी त्या सेकंदातल्या शेकडो लोकांसाठी ते एकदाच बनवावं लागतं.

यातली एक गोष्ट आपल्या हातात आहे. वर्तुळ फिरत असताना पुन्हा पुन्हा रिफ्रेश करू नका. आधीची विनंती बहुतेक वेळा रद्द होत नाही. सर्व्हर ती पूर्ण करतो आणि घ्यायला कुणी नसलेलं पान तयार करतो. दहा वेळा बटण दाबणारा माणूस रांगेत दहा जागा अडवतो, आणि त्याच्या मागे कुणाची तरी विम्याची मुदत संपत आलेली असते.

अंबाजोगाई, माजलगाव, परळीत संगणक शिकणाऱ्या मुलामुलींना माझं एक सांगणं आहे. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाका, एंजिनएक्स आणि पीएचपी-एफपीएम बसवा, तो आकडा कमी-जास्त करा आणि सेकंदाला किती पानं निघतात ते मोजा. हे सगळं सॉफ्टवेअर फुकट आहे. ‘सर्व्हर डाऊन’ हे काही नशीब नव्हे. ते नीट मोजणाऱ्या माणसांनी सुटणारं गणित आहे, आणि ती माणसं आपल्या जिल्ह्यातूनही घडली पाहिजेत.