विश्लेषण : स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला सांभाळणाऱ्यांना प्रशिक्षण कशासाठी?

नाशिकजवळच्या एकलहरे येथील औष्णिक वीज केंद्रात १९७०च्या दशकात नोकरीला लागलेली पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. अशा एखाद्या घराची कल्पना करा. निवृत्त आजोबा पहाटे चारला उठतात, डबा मागतात आणि ‘फर्स्ट शिफ्टला उशीर होतोय’ म्हणत दाराची कडी काढू लागतात. ‘अहो, तुम्ही कधीच रिटायर झालात,’ असे आजी दहाव्यांदा सांगतात. आजोबा चिडतात, आजी रडतात. औषधाच्या चिठ्ठीवर नाव फक्त आजोबांचे असते. आजींच्या त्रासाची नोंद कुठेच होत नाही.

समस्या किती मोठी?

वृद्धांच्या देशव्यापी पाहणीवर आधारित २०२३च्या अभ्यासानुसार भारतात साठीपुढील ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे. ही संख्या सुमारे ८८ लाख होते. शहरांपेक्षा ग्रामीण भागात आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत प्रमाण जास्त आढळले. यातील बहुतेकांची काळजी घरीच घेतली जाते आणि ती बहुधा पत्नी, सून किंवा मुलीच्या वाट्याला येते. अपुरी झोप, पाठदुखी, चिडचिड, एकटेपणा आणि ‘मीच कमी पडते’ ही टोचणी हा त्यांचा रोजचा अनुभव असतो.

प्रशिक्षणात काय शिकवतात?

पहिला धडा म्हणजे रुग्ण मुद्दाम तसे वागत नाही, हे समजून घेणे. त्यानंतर रोजच्या प्रसंगांची तयारी करून घेतली जाते.

• वाद घालू नये. ‘आज सुट्टी आहे, आधी चहा घेऊ’ असे म्हणून लक्ष दुसरीकडे वळवावे. 
• समोरून येऊन, छोट्या वाक्यात, एका वेळी एकच गोष्ट विचारावी. 
• अंघोळीला नकार दिल्यास बळजबरी टाळावी. थोड्या वेळाने पुन्हा विचारावे किंवा ओल्या कपड्याने अंग पुसावे. 
• ‘माझे पैसे चोरले’ असा आरोप झाल्यास सफाई देत बसण्याऐवजी सोबत शोधावे. 
• घराबाहेर निघून जाण्याची सवय असेल तर खिशात फोन क्रमांकाची चिठ्ठी ठेवावी, शेजारी आणि दुकानदारांना सांगून ठेवावे. 
• वागणे अचानक बिघडले तर जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता किंवा वेदना आहे का, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. 
• आठवड्यातले काही तास दुसऱ्या कुणावर जबाबदारी सोपवून स्वतः विश्रांती घ्यावी.

गोव्यात काय दिसले?

गोव्यातील दोन तालुक्यांत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्यात ८१ कुटुंबे होती. स्थानिक भाषा जाणणाऱ्या, शक्यतो बारावीपर्यंत शिकलेल्या कार्यकर्त्यांना आठवडाभराचे प्रशिक्षण देण्यात आले. निम्म्या कुटुंबांकडे हे कार्यकर्ते सहा महिने, किमान पंधरवड्यातून एकदा जात राहिले. त्यांच्यामागे समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ होते, गरज असल्यास औषधेही दिली गेली. या घरांतील काळजी घेणाऱ्यांचे मानसिक आरोग्य सुधारले आणि रुग्णाच्या वागण्यामुळे होणारा मनस्तापही घटला. मात्र रुग्णाचे वागणे सुधारले किंवा कामाचा एकूण भार हलका झाला, असे ठामपणे म्हणण्याइतका फरक आढळला नाही. म्हणजे अडचणी फारशा बदलल्या नाहीत, पण त्या सोसणाऱ्याचे मन सावरले.

मोबाइलवर शिकता येईल का?

जागतिक आरोग्य संघटनेचा ‘आयसपोर्ट’ हा ऑनलाइन अभ्यासक्रम याचसाठी आहे. बेंगळूरुच्या ‘निम्हान्स’मधील तज्ज्ञांनी त्याची भारतात चाचणी घेतली. २०२१च्या निष्कर्षांनुसार रुग्णाकडे समजुतीने पाहण्याची वृत्ती वाढली, पण काळजी घेणाऱ्यांचे नैराश्य आणि भार यांत लक्षणीय फरक पडला नाही. सहभागी झालेल्यांपैकी बरेच जण तर शेवटपर्यंत टिकले नाहीत. त्यात नवल नाही. दिवसभर ज्याला उसंत नाही, तो धडे कधी पूर्ण करणार? गोव्यात शिकवणारे माणूस घरी येत होते, हा मोठा फरक होता.

एकलहऱ्यासारख्या ठिकाणी काय करता येईल?

इथे वीज केंद्राच्या वसाहतीत एकमेकांना वर्षानुवर्षे ओळखणारी कुटुंबे आहेत. निवृत्त कर्मचारी, बचत गटातील महिला किंवा गावातील शिकलेल्या तरुणी यांतून असे कार्यकर्ते घडवता येतील. आशा सेविकांवर आधीच कामांचा बोजा आहे. त्यामुळे हे काम मानधनाशिवाय त्यांच्या माथी मारून चालणार नाही. कार्यकर्त्यांना अडले तर विचारायला तज्ज्ञ हवा, हीदेखील गोव्याचीच शिकवण.

तोवर मदत कुठे मिळेल?

मानसिक ताणासाठी ‘टेली-मानस’ची १४४१६ ही मोफत सेवा चोवीस तास उपलब्ध आहे. ज्येष्ठांसंबंधी माहिती व मार्गदर्शनासाठी ‘एल्डरलाइन’चा १४५६७ हा क्रमांक आहे. रुग्णाला डॉक्टरांकडे नेताना सांभाळणाऱ्या व्यक्तीची झोप आणि मनःस्थितीही आवर्जून सांगावी. तीच खचली, तर रुग्णाला आधार उरत नाही.