ज्वारी, घुमट आणि सुदानची मुले

रमजान आला की सुदानच्या घराघरांत ज्वारीचा वास दरवळतो. मोड आणून वाळवलेली ज्वारी दळायची, पीठ आंबवायचे, मसाले घालून तव्यावर पातळ पापुद्रे भाजायचे. इफ्तारच्या वेळी ते पाण्यात भिजवून, गाळून, साखर घालून पितात. या सरबताचे नाव ‘हिलू-मुर्र’, म्हणजे गोड-कडू. खेड्यांत इफ्तारचा दस्तरखान चक्क रस्त्याकडेला अंथरतात. सूर्य मावळायच्या बेताला वाटसरूंच्या गाड्या थांबवतात आणि अनोळखी माणसाला आग्रहाने जेवायला बसवतात.

भाकरीवर वाढलेल्या आपल्या मुलखाला हा देश परका वाटू नये. नातेही जुने आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतील घुमटाच्या मुख्य इमारतीचे नाव ‘सुदान ब्लॉक’. दुसऱ्या महायुद्धात सुदानच्या भूमीसाठी लढलेल्या भारतीय जवानांच्या स्मरणार्थ तिथून एक लाख पौंड आले होते. फाळणीनंतर भारताच्या वाट्याला त्यातले ७० हजार आले आणि ते प्रबोधिनीच्या उभारणीला लागले. १९५३ साली सुदानमध्ये पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हा ती पार पाडायला आपले पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन गेले होते.

या देवाणघेवाणीला शिक्षणाची जोड मिळाली ती मौलाना आझादांमुळे. १८८८ मध्ये मक्केत जन्मलेल्या, १९४२ नंतर अहमदनगरच्या किल्ल्यात कैद भोगलेल्या या शिक्षणमंत्र्यांनी १९५० मध्ये भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद स्थापन केली. ‘सकाफतुल हिंद’ हे तिचे अरबी नियतकालिक भारताची ओळख अरब वाचकांना करून देत आले आहे. परिषद परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देते: शिक्षण शुल्क, निर्वाह भत्ता आणि घरभाडे. सुदान, येमेन, इराक, सीरिया इथली मुले त्यावर, आणि त्याहून अधिक स्वखर्चाने, पुणे-हैदराबादेत शिकत आली. सुदानमध्ये भारतात शिकलेले हजारो पदवीधर आहेत.

या मुलांची पहिली परीक्षा भाषेची असते. घरी आणि शाळेत अरबी, इथे वर्गात इंग्रजी आणि रिक्षात हिंदी-मराठी. तरी ‘किताब’, ‘कलम’, ‘दुकान’, ‘हिशेब’ हे आपले रोजचे शब्द कानी पडले की त्यांचा चेहरा खुलतो. अरबीतून फारसीत, तिथून आपल्याकडे आलेले हे शब्द त्यांना घरचेच वाटतात.

पण १५ एप्रिल २०२३ रोजी, ऐन रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत, खार्तूममध्ये लष्कर आणि निमलष्करी दल एकमेकांवर तुटून पडले. तेव्हापासून एक कोटीहून अधिक लोक बेघर झाले. विद्यापीठे बंद पडली, काही लुटली गेली. ओमदुरमानच्या अहलिया विद्यापीठातील ग्रंथालय जळाले आणि सुदानच्या इतिहासाची दुर्मीळ कागदपत्रे राख झाली. बँका थंडावल्या आणि परदेशी शिकणाऱ्या मुलांचे घरून येणारे पैसे आटले.

अशा वेळी शिष्यवृत्ती ही दया नसते, ती देशाच्या उद्याची तजवीज असते. युद्ध कधीतरी थांबेल. तेव्हा पूल बांधायला अभियंता, दवाखान्यात औषधनिर्माता आणि शाळेत मास्तर लागेलच. तो आज कुठल्या तरी परक्या शहरात शेवटच्या सत्राची फी कशी भरायची याची विवंचना करत बसलेला असू शकतो. त्याची पदवी अर्धवट राहिली तर नुकसान एका कुटुंबापुरते राहणार नाही.

सरकारने शिष्यवृत्तीच्या जागा वाढवाव्यात, महाविद्यालयांनी अडचणीतल्या मुलांना फी हप्त्याने भरू द्यावी, हे तर झालेच. पण बरेच काही आपल्याही हाती आहे. रंग, देश किंवा नाव पाहून खोली नाकारू नये. पोलीस नोंदणीच्या फॉर्मवर घरमालकाने वेळेवर सही करावी. गल्लीतल्या पोराने ‘ए काळ्या’ म्हटले तर त्याला तिथेच थांबवावे. आणि या महिन्यात शेजारी असा कोणी रोजेदार एकटाच राहत असेल, तर संध्याकाळी त्याचे दार ठोठावावे. घरची भाकरी वाढली तरी चालेल, तिची चव त्याला ठाऊक आहे.