वृद्धांचें निवृत्तिवेतन: तें कां थांबतें व पुन्हां कसें चालू होतें

घरांतील वडील माणसाच्या हातीं महिन्याकाठीं थोडी कां होईना पण स्वतःची रक्कम असणें ही गोष्ट दिसावयास लहान आहे, परंतु तिचा परिणाम मोठा आहे. औषधाची पुडी, चहासाखर, चष्म्याची कांच, नातवंडाच्या हातावर ठेवावयाचा खाऊ, इतक्यासाठीं मग कोणापुढें हात पसरावा लागत नाहीं. म्हणूनच तें वेतन एकाएकीं बंद पडलें म्हणजे नुसती रक्कम बुडत नाहीं, म्हाताऱ्या माणसाचा धीरहि खचतो. "माझें काय चुकलें?" असें तें माणूस स्वतःसच विचारूं लागतें. पुष्कळदां त्याचें कांहींच चुकलेलें नसतें. वेतन कां थांबतें आणि अशा वेळीं घरच्या शिकत्या मुलामुलींनीं काय करावें, हें सांगण्याचें आम्हीं या लेखांत योजिलें आहे.

वृद्धांस सरकारी खजिन्यांतून वेतन देण्याची कल्पना फार जुनी नाहीं. जर्मनींत १८८९ सालीं वृद्धांच्या विम्याचा कायदा झाला, तेव्हां वयाची अट सत्तर वर्षांची होती. इंग्लंडांत १९०८ सालीं कायदा होऊन ता. १ जानेवारी १९०९ पासून सत्तरी गांठलेल्या गरिबांस आठवड्यास पांच शिलिंग मिळूं लागले. आयर्लंडांत तेव्हां मोठी गंमत झाली. तेथें जन्मनोंदीची सर्वसाधारण पद्धति १८६४ पासूनची, मग सत्तर वर्षांच्या माणसानें वय सिद्ध करावें कसें? १८३९ च्या जानेवारींत त्या देशांत भयंकर वादळ झालें होतें. "तें वादळ मला आठवतें" असें सांगून पुष्कळांनीं आपलें वय पटवून दिलें. आपल्या बीड जिल्ह्यांतील वडील मंडळीहि आपलें वय असेंच मोजतात. कोणी १९४८ च्या पोलिस ॲक्शनच्या आधींचा, कोणी १९७२ च्या दुष्काळांत लग्न झालेली. अशा लोकांची जन्मतारीख सरकारी कागदावर चढवितांना अंदाजानें "१ जानेवारी" लिहिली गेली, आणि एका कागदावरचा अंदाज दुसऱ्या कागदाशीं जुळेनासा झाला. पुढच्या पुष्कळ अडचणींचें बीज येथें आहे.

आपल्या देशाच्या राज्यघटनेंत कलम ४१ मध्यें वार्धक्य, आजार व अपंगत्व या प्रसंगीं सरकारनें आपल्या शक्तीप्रमाणें साहाय्याची तरतूद करावी असें तत्त्व घातलें आहे. उत्तर प्रदेशानें १९५७ सालीं वृद्धांचें वेतन सुरू केलें. महाराष्ट्रांत १९८० सालीं संजय गांधी निराधार अनुदान योजना निघाली, आणि ता. १५ ऑगस्ट १९९५ पासून केंद्र सरकारनेंहि राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम आरंभिला. आपल्याकडील पासष्टीच्या पुढील गरीब वृद्धांसाठीं जी योजना आहे तिचें नांव श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना. आंधळ्या आईबापांस कावडींतून वाहून नेणारा श्रावण कोणास ठाऊक नाहीं? त्याच्या नांवाची ही कावड सरकारनें खांद्यावर घेतली आहे. २०१९ सालीं हें वेतन दरमहा ६०० चें १,००० झालें व २०२३ सालीं १,५०० रुपये झालें. दारिद्र्यरेषेखालील यादींत ज्यांचें नांव आहे, त्यांच्या या रकमेंत केंद्राचा वाटा २०० रुपये, आणि ऐंशी वर्षांपुढील व्यक्तीकरितां ५०० रुपये असतो.

आतां हा पैसा कोणत्या वाटेनें येतो तें समजून घेतलें पाहिजे, कारण वाट कळल्याखेरीज तो कोठें अडला हें कळणार नाहीं. अर्ज तहसील कार्यालयांत जातो. तेथें या योजनांची एक शाखा असते, तिला लोक "संजय गांधी विभाग" म्हणतात. अर्ज मंजूर झाला म्हणजे नांव यादीवर येतें. पूर्वीं तहसीलमधून बँकेकडे यादी जाई व बँक ती पाहून खात्यांत रक्कम भरी. डिसेंबर २०२४ पासून ही रीत बदलली. आतां रक्कम मुंबईहून परस्पर, आधार क्रमांकाच्या खुणेनें, खात्यांत पडते. ही नवी वाट जवळची खरी, पण तिच्यावर प्रत्येक दाराची किल्ली बरोबर बसावी लागते. आधारवरील नांव, यादीवरील नांव व बँकेंतील नांव यांत फरक पडला, किंवा आधार क्रमांक खात्याशीं जोडलेलाच नसला, कीं पैसा वाटेंतच थबकतो.

अडथळे साधारणपणें पांच प्रकारचे असतात. पहिला म्हणजे हयातीचा दाखला किंवा उत्पन्नाचा दाखला वेळेवर न पोहोंचणें. दुसरा, वर सांगितलेला कागदांचा बेबनाव: एकीकडे "सखुबाई", दुसरीकडे "सखूबाई", तिसरीकडे माहेरचें नांव. तिसरा अडथळा मोठा फसवा आहे. एकाच व्यक्तीचीं दोन-तीन खातीं असलीं, तर आधाराच्या खुणेचा पैसा जें खातें सर्वांत शेवटीं जोडलें गेलें त्यांत जातो. आजी जुन्या बँकेंत जाऊन रिकाम्या हातानें परतते, आणि तिचे पैसे मात्र दुसऱ्या कोणत्या योजनेसाठीं उघडलेल्या नव्या खात्यांत निमूटपणें सांचत असतात! चौथा अडथळा अंगठ्याचा. ज्या हातांनीं जन्मभर कोयता, खुरपें व जातें चालविलें, त्यांच्या बोटांवरील रेषा झिजून जातात. यंत्र ती बोटें ओळखीत नाहीं. कष्टाचीच अशी शिक्षा व्हावी हें विचित्र आहे. परंतु त्यावर उपाय आहे. डोळ्यांच्या बुबुळावरून किंवा चेहऱ्यावरूनहि ओळख पटवितां येते, तशी मागणी करावी. पांचवा व सर्वांत दुःखद अडथळा म्हणजे तपासणींत माणूस "मयत" किंवा "स्थलांतरित" म्हणून नोंदलें जाणें.

जिवंत माणूस कागदावर मरतें ही गोष्ट थट्टेची वाटेल, पण ती घडलेली आहे. उत्तर प्रदेशांत आझमगड जिल्ह्यांतील लाल बिहारी नांवाच्या गृहस्थास जमिनीच्या लोभानें नातलगांनीं १९७५ च्या सुमारास सरकार दप्तरीं मृत ठरविलें. आपण जिवंत आहों हें सरकारकडून मान्य करून घेण्यास त्यांना १९९४ साल उजाडलें. त्यांनीं आपल्या नांवापुढें "मृतक" हा शब्द लावून घेतला व आपल्यासारख्या इतर लोकांचा संघ काढला. तेव्हां नोंद चुकली असतां गप्प बसणें परवडणारें नाहीं, हा त्यांतील धडा.

आपल्या जिल्ह्यांत या सर्वांस आणखी एक कारण जोडलें जातें. दसरा-दिवाळी झाली कीं येथील हजारों जोडपीं मुकादमाची उचल घेऊन ऊस तोडावयास पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात, तीं उन्हाळ्याच्या तोंडाशीं परततात. पाटोदा, शिरूर, केज, धारूर, वडवणी या बाजूच्या कित्येक वस्त्यांवर त्या काळांत म्हातारीं माणसें व शाळेचीं मुलें एवढींच मागें राहतात. नेमक्या त्या दिवसांत हयातीच्या दाखल्याची किंवा आधार जोडण्याची हांक आली, तर ती ऐकणार कोण? नोटीस वाचणारा मुलगा फडावर, सून कोयत्यावर, आणि आजोबांना अक्षरओळख नाहीं. ज्यांचा टेलिफोन क्रमांक खात्यास जोडलेला आहे तो टेलिफोनहि मुलाच्या खिशांत शंभर कोसांवर असतो. अशा घरांत आठवी-नववींत शिकणारी नात हीच घरची कारभारीण होय. आमचा हा लेख मुख्यतः तिच्यासाठीं आहे.

तपासणीच करूं नये असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. खोट्या कागदांवर सरकारी वेतन घेणारेहि असतात. आपल्याच बीड जिल्ह्यांतील स्वातंत्र्यसैनिकांच्या वेतनाचें प्रकरण २००५ सालीं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें होतें, व पुढें न्यायमूर्ति पालकर यांच्या आयोगानें तीं प्रकरणें तपासलीं. खोट्याला वगळलें नाहीं तर खऱ्याच्या वांट्यास कमी येतें, हें उघड आहे. परंतु चाळणी लावतांना दाणा खालीं पडूं नये याचीहि काळजी घ्यावयाची असते. ता. २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशांत सर्वोच्च न्यायालयानें वृद्धांचें वेतन दर महिन्याच्या सात तारखेपर्यंत द्यावें असें बजाविलें होतें. या वेतनास भिक्षा समजूं नये. ज्याला तें मंजूर झालें आहे त्याला तें कां थांबलें हें विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे.

आतां कृतीकडे वळूं. वेतन आलें नाहीं असें दिसतांच प्रथम शेजारीं विचारावें. गांवांत कोणाचेंच आलें नसेल, तर निधि यावयाचा आहे असें समजून थोडी वाट पाहावी. इतरांचें आलें व आपलेंच आलें नाहीं, तर बँकेंत जाऊन पासबुक भरून घ्यावें आणि शेवटची रक्कम कोणत्या महिन्याची आहे तें वहींत लिहून ठेवावें. त्याच वेळीं दोन प्रश्न विचारावे: या खात्यास आधार जोडलेला आहे काय, आणि आधाराच्या खुणेनें येणारा पैसा सध्यां कोणत्या बँकेंत जातो? खात्याची ओळखपडताळणी, जिला के.वाय.सी. म्हणतात, ती राहिली असेल तर तीहि करून घ्यावी. एवढ्यानेंच कित्येकांचें काम भागतें.

बँकेंत दोष सांपडला नाहीं, तर तहसील कार्यालय गांठावें. तेथें "वेतन चालू करा" एवढेंच म्हणून परतूं नये. "कोणत्या कारणानें थांबलें?" हा प्रश्न आधीं करावा, कारण रोग कळल्याशिवाय औषध नाहीं. दाखला राहिला असेल तर दाखला द्यावा, नांव चुकलें असेल तर तें दुरुस्त करावें, मयत अशी नोंद असेल तर आजोबांना समक्ष उभें करावें. मग एक लेखी अर्ज द्यावा. त्यांत नांव, गांव, योजनेचें नांव, खातें क्रमांक, शेवटची रक्कम मिळाल्याचा महिना, थांबण्याचें कारण व तें दूर केल्याचा पुरावा इतकें असावें. शेवटीं "थांबलेल्या महिन्यांची थकलेली रक्कमहि द्यावी" हें वाक्य अवश्य लिहावें. तें न लिहिल्यास वेतन पुढें चालू होऊनहि मागचे महिने विस्मृतींत जाण्याचा संभव असतो. अर्जाची एक प्रत आपल्याजवळ ठेवून तिच्यावर शिक्का, तारीख व सही घ्यावी. ही पोंच म्हणजे तुमची ढाल आहे. तोंडी बोलणें वाऱ्यावर जातें. शिक्क्याचा कागद मात्र जागचा हालत नाहीं.

अर्जानेंहि काम न झालें तर पुढच्या पायऱ्या आहेत. महिन्याच्या तिसऱ्या सोमवारीं तालुक्याचा लोकशाही दिन भरतो, तेथें तक्रार मांडतां येते. तेथें निकाल न लागल्यास पहिल्या सोमवारीं जिल्हाधिकाऱ्यांच्या लोकशाही दिनांत जावें. या तक्रारी ठराविक नमुन्यांत व आगाऊ द्याव्या लागतात, हें ध्यानांत असावें. शिवाय २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखालीं "माझें वेतन कोणत्या आदेशानें, कोणत्या तारखेस व कोणत्या कारणासाठीं थांबविलें?" असा अर्ज करतां येतो. त्याला दहा रुपयांचा मुद्रांक लागतो, दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास तोहि माफ आहे, आणि उत्तर तीस दिवसांच्या आंत मिळावयास पाहिजे. चार ओळींचा साधा, सभ्य अर्ज पुरे. भांडणाची भाषा नको. पण आर्जवाचीहि गरज नाहीं.

येथें दोन-तीन सावधगिरीच्या सूचना. "साहेबांची ओळख आहे, इतके द्या, काम करून देतों" असें म्हणणाऱ्यास दारांत उभें करूं नये. टेलिफोनवर आलेला गुप्त आंकडा कोणासहि सांगूं नये. यंत्रावर अंगठा लावण्यापूर्वीं किती रक्कम निघणार हें विचारावें, आणि लावल्यावर पावती घेऊन ती वाचावी. एका रकमेसाठीं दोनदां अंगठा लावूं नये. पासबुक व आधारपत्र दुसऱ्याच्या घरीं ठेवूं नये. हंगामास निघणाऱ्या पालकांनींहि एक व्यवस्था करून जावी: आजीआजोबांचे कागद एका पिशवींत घालून, त्यांच्या झेरॉक्स प्रतींसह, मागें राहणाऱ्या मुलाच्या स्वाधीन करावे आणि कोणता कागद कशाचा तें त्याला समजावून द्यावें. ओळख पटविण्यास आलेला आंकडा फडावरून घरीं कसा कळवावयाचा, तेंहि ठरवून जावें.

मुलांनो, तहसीलच्या पायरीवर म्हाताऱ्या माणसास घेऊन जातांना एक गोष्ट मात्र विसरूं नका. तेथें तुम्ही बोलाल, लिहाल, पण वेतन आजीचें आहे. टेबलावरचा गृहस्थ तुमच्याशीं बोलूं लागला, तरी प्रत्येक गोष्ट आजीला तिच्या भाषेंत सांगा, अर्ज तिला वाचून दाखवा, मगच तिचा अंगठा घ्या. रक्कम आली म्हणजे ती तिच्याच हातीं मोजून द्या. शाळेंत तुम्ही निबंध, पत्रलेखन व हिशोब शिकतां, तें परीक्षेपुरतें नाहीं. ज्यांनीं स्वतः अक्षर न शिकतां तुम्हांस शाळेंत धाडलें, त्यांच्या कामीं तें अक्षर आलें, म्हणजे त्या शिक्षणाचें चीज झालें असें आम्ही समजूं.